खुर्चीत बसल्यावर: डोळ्यांच्या तपासणीत काय होतं आणि तुम्ही काय करायचं

तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली नाही की बरेच जण मला ‘सॉरी’ म्हणतात. काही जण पुढे झुकतात, काही डोळे बारीक करतात आणि काही जण उजव्या डोळ्याने वाचलेली ओळ डाव्याची पाळी आल्यावर न बघताच घडाघडा म्हणून दाखवतात. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी. डॉक्टरांच्या आधी ज्या मंद उजेडाच्या खोलीत तुम्हाला बसवतात, तिथे माझं काम चालतं. यंत्रामुळे तपासणी बिघडल्याचं मी क्वचित पाहिलंय. पास होण्याच्या धडपडीत ती बिघडते मात्र रोज. त्यात ‘नंबर काढला की झालं’ असं समजून लोक पर्स उचलून उठायला लागतात, तेव्हा महत्त्वाची तपासणी अजून व्हायचीच असते. म्हणून कुठे काय होतं, का होतं आणि तुमच्याकडून नेमकं काय हवं असतं, ते सांगते.

वेळ हाताशी ठेवून या. बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे असतील तर सगळं मिळून तास-दीड तास सहज जातो.

घरून निघताना

वापरात असलेला चष्मा आणाच. वाचायचा वेगळा असेल तर तोही. काडी तुटलेला असला तरी चालेल, आम्हाला त्याच्या काचा हव्या असतात. लेन्सोमीटर नावाच्या यंत्रात काच धरली की तिचा नंबर कळतो, आणि नव्या नंबराची तुलना त्याच्याशी करता येते. दोन वर्षांत पाव नंबर बदलला असेल तर त्यात काही विशेष नाही. सहा महिन्यांत दीड बदलला असेल तर मी डॉक्टरांना मुद्दाम सांगते.

औषधांची यादी आणा, आणि यादीत फक्त डोळ्यांची औषधं नकोत. ‘डोळ्यांसाठी काहीच घेत नाही’ असं सांगणाऱ्या माणसाच्या खिशात स्टिरॉइडच्या गोळ्या निघतात. स्टिरॉइडमुळे डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. संधिवातासाठी किंवा ल्युपससाठी (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागावर अनेक वर्षं लक्ष ठेवावं लागतं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सर्जनला ते माहीत असायलाच हवं, कारण त्या औषधाने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडतो. हे सगळं तुम्हाला पाठ असण्याची गरज नाही, गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो काढून आणलात तरी पुरे.

मधुमेह असेल तर शुगर सध्या कशी आहे ते आधी सांगा. शुगर खूप वर-खाली होत असली की डोळ्यातल्या भिंगात पाणी कमी-जास्त होतं आणि नंबर त्याबरोबर हलतो. अशा दिवसांत केलेला चष्मा शुगर ताब्यात आल्यावर निरुपयोगी ठरतो. तेव्हा पडद्याची तपासणी लगेच करायची, चष्मा मात्र शुगर स्थिर झाल्यावर.

आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर न विचारताही सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर डबी आणि सोल्युशन बरोबर ठेवा, आणि लेन्स किती आधी काढायच्या ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या.

आणि तक्रार नीट सांगा. ‘नीट दिसत नाही’ यावरून फारसं काही हाती लागत नाही. लांबचं की जवळचं? एका डोळ्याला की दोन्हींना? एकेक डोळा झाकून पाहिलंय का? ‘रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात’ किंवा ‘दुपारपर्यंत ठीक असतं, मग स्क्रीनवरचं पुसट होतं’ असं कुणी सांगितलं की माझं अर्धं काम झालं. पहिल्या वाक्यावरून मी सिलिंडर (एका ठराविक दिशेतच लागणारा नंबर) किंवा मोतीबिंदू शोधायला लागते, दुसऱ्यावरून कोरडेपणा किंवा नुकतीच लागत असलेली चाळिशी.

तक्ता

आधी बहुधा तुम्हाला एका यंत्रात बघायला सांगतात. आत लांबवर एक फुगा किंवा रस्त्याच्या टोकाला घर दिसतं आणि ते मध्येच धूसर होतं. यंत्र बिघडलेलं नसतं. चित्र मुद्दाम धूसर केलं की डोळ्याचा फोकस करणारा स्नायू सैल सोडतो आणि मापन खऱ्याच्या जवळ येतं. या ऑटोरिफ्रॅक्टरमधून निघालेली चिठ्ठी म्हणजे चष्म्याचा नंबर नव्हे. ती आमची सुरुवात. ती चिठ्ठी घेऊन थेट चष्मा करायला जाऊ नका.

मग तक्ता. १८६२ साली हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने तो तयार केला, आणि आज स्क्रीनवर दिसत असला तरी तत्त्व तेच आहे. नजर ६/६ अशी लिहितात. त्यातला पहिला आकडा तुमच्या अंतराचा, मीटरमध्ये. खोली लहान असली तर आरसा लावून ते अंतर भरून काढतात. दुसरा आकडा असा: ते अक्षर निरोगी नजरेला जास्तीत जास्त किती अंतरावरून ओळखता येतं. ६/१२ म्हणजे इतरांना १२ मीटरवरून ओळखता येणाऱ्या अक्षरासाठी तुम्हाला ६ मीटरपर्यंत यावं लागतं. काही देशांत हेच फुटांत मोजतात, म्हणून तिथे २०/२०. ६/६ च्या ओळीतलं अक्षर ६ मीटरवरून बघताना जेमतेम ९ मिलिमीटर उंच असतं, तेव्हा ते नाही दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. उलट तरुण डोळे त्याच्याही खालची ओळ वाचतात.

डोळे बारीक करू नका. पापण्यांची फट बारीक झाली की पसरलेला प्रकाश अडतो आणि चुकीच्या नंबरातही अक्षर थोडं स्पष्ट दिसतं. म्हणजे माझ्याकडे खोटा निकाल येतो. हीच युक्ती आम्ही उघडपणे वापरतो: बारीक भोक पाडलेली चकती डोळ्यासमोर धरतो. भोकातून वाचन सुधारलं तर दोष बहुधा नंबराचा असतो. सुधारलं नाही तर कारण चष्म्याने सुटणारं नसावं अशी शंका घेऊन मी पुढे जाते.

अक्षर अर्धवट दिसत असेल तर अंदाज जरूर करा. ‘एफ असेल, नाहीतर पी’ हेही उत्तरच आहे, त्यावरून बरंच समजतं. पाठांतर मात्र नको. आणि सोबत आलेल्यांनी मागून ‘अगं, नीट बघ ना, तो पी आहे’ म्हणायचं नाही. तुम्हाला दिसतंय हे मला ठाऊक आहे, पण खुर्चीत तुम्ही नाही.

एक बरं की दोन?

सगळ्यात जास्त घाम इथे फुटतो. डोळ्यांवर जड, गोल ट्रायल फ्रेम येते किंवा समोर भिंगांचं मोठं यंत्र येतं आणि मी विचारत जाते, ‘एक बरं… की दोन?’ भिंगं पाव-पाव नंबराच्या फरकाने बदलतात, त्यामुळे शेवटी शेवटी फरक इतका कमी होतो की कुणालाही सांगता येऊ नये.

आणि तेच अपेक्षित असतं. सिलिंडर नंबर आणि त्याचा अक्ष ठरवताना जी उलटसुलट फिरणारी काच वापरतात, तिच्यात दोन्ही बाजूंनी सारखंच पुसट दिसू लागलं की आम्ही मुक्कामाला पोचलेलो असतो. ‘दोन्ही सारखंच दिसतंय, मॅडम’ हे वाक्य लोक खालच्या आवाजात, ओशाळून म्हणतात. मी मात्र त्याचीच वाट बघत असते. विचार करत बसू नका, पहिलं वाटेल ते सांगा. पुन्हा दाखवा म्हणालात तर पुन्हा दाखवते. एका चुकीच्या उत्तराने चष्मा चुकत नाही, कारण तीच गोष्ट आम्ही वेगवेगळ्या वाटांनी तीन-चारदा तपासत असतो.

एक सावधगिरी तरुणांसाठी, विशेषतः मायनस नंबरवाल्यांसाठी. मायनस गरजेपेक्षा जास्त दिला तर अक्षरं लहान, काळी आणि टोकदार दिसतात, आणि ‘वा, हे मस्त!’ असं वाटतं. तरुण डोळा तो जास्तीचा नंबर स्नायू ताणून पचवतो आणि मग चार तास लॅपटॉपवर बसलं की कपाळ ठणकतं. म्हणून मी ‘जास्त काळं कुठलं’ असं विचारत नाही, ‘वाचायला सोपं कुठलं’ असं विचारते. नवीन भिंगाने एकही जास्तीचं अक्षर वाचता येत नसेल, नुसतं ठसठशीत दिसत असेल, तर तसं सांगा.

मग लाल आणि हिरव्या पट्टीवरची अक्षरं येतात. हिरवा प्रकाश डोळ्यात लालच्या जरा अलीकडे एकवटतो. नंबर बरोबर असला की दोन्हींकडची अक्षरं जवळपास सारखी ठळक दिसतात. प्रश्न अक्षरांचा आहे, रंग कुठला आवडतो याचा नाही. रंग ओळखायला अडचण असेल तर ‘डावीकडची’ किंवा ‘उजवीकडची’ म्हणा, तेवढं पुरतं.

चाळिशीच्या पुढे जवळच्या वाचनासाठी वेगळा नंबर जोडतात. वाचनाचा तक्ता हातात दिला की लोक तो आपोआप लांब धरतात, हात पुरेनासा होईपर्यंत. तसं न करता तुम्ही पुस्तक किंवा फोन प्रत्यक्षात जिथे धरता तिथेच धरा, आणि कामाची स्क्रीन किती लांब असते तेही सांगा. जवळचा नंबर अंतरावर ठरतो. शिंप्याचा, वादकाचा आणि दिवसभर दोन मॉनिटरसमोर बसणाऱ्याचा नंबर एकच असून चालत नाही.

लहान तपासण्या

यांवर फार वेळ जात नाही. एक डोळा झाकून उघडतात, तो लपलेला तिरळेपणा बघायला. पेन फिरवतात, तो डोळ्यांचे स्नायू बघायला. मान न हलवता फक्त डोळे फिरवा. बॅटरीचा उजेड एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेतात, कारण बाहुल्या कशा आकसतात यावरून डोळ्यामागच्या, मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा अंदाज येतो. ठिपक्यांमध्ये आकडे शोधायच्या चकत्या शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांच्या, १९१७ पासूनच्या. लाल-हिरव्यातला भेद न कळणं पुरुषांमध्ये बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं, आणि अनेकांना ते या चकत्यांपुढे बसल्यावरच पहिल्यांदा कळतं.

हवेच्या फुंकरीने मात्र सगळे दचकतात. दुखत नाही, फक्त अचानक येते. त्या फुंकरीने बुबुळ, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, क्षणभर चपटं होतं आणि त्यावरून आतलं प्रेशर मोजतात. सर्वसाधारण मर्यादा १० ते २१, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. श्वास रोखून धरू नका आणि गळ्याशी घट्ट असलेलं बटण सैल करा. रोखलेला श्वास आणि घट्ट गळा, दोन्हींमुळे आकडा वाढून येतो. आकडा जास्त आला तर डॉक्टर दुसऱ्या पद्धतीने पुन्हा मोजतात. बधिर करणारा थेंब आणि पिवळा रंग घालून, निळ्या उजेडात, यंत्राचं टोक बुबुळाला हलकेच टेकवून. त्यानंतर नाक शिंकरल्यावर रुमाल पिवळा झाला तर घाबरू नका. डोळ्यातलं पाणी नाकात उतरतं, त्याच वाटेने रंग गेलेला असतो. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स मात्र तो रंग धुऊन गेल्याशिवाय परत लावू नका, लेन्स कायमची पिवळी होते.

प्रेशर २३ आलं म्हणजे काचबिंदू झाला असं नाही, आणि १६ आलं म्हणजे नाहीच असंही नाही. जाड बुबुळावर आकडा वाढून येतो, पातळ बुबुळावर कमी. काही लोकांमध्ये प्रेशर मर्यादेत असूनही नस खराब होत जाते. म्हणून फक्त आकडा ऐकून घरी जाऊ नका, डॉक्टरांना नस बघू द्या.

थेंब

आणि नस बघायला बाहुली मोठी करावी लागते. इथे लोक घासाघीस सुरू करतात. ‘आज राहू दे’, ‘मीटिंग आहे’, ‘मागच्या वेळी घातले होते की.’ मला कळतं, पुढचे काही तास खरंच कटकटीचे असतात. पण न फैलावलेल्या बाहुलीतून पडदा बघणं म्हणजे कुलपाच्या भोकातून खोली बघणं. मधला भाग दिसतो. पडद्याच्या कडा, जिथे पातळ जागा आणि बारीक छिद्रं लपलेली असतात, त्या राहून जातात.

थेंब घालण्याआधी डॉक्टर डोळ्याच्या पुढच्या भागातला कोन (आतलं पाणी जिथून निचरतं ती जागा) पुरेसा मोकळा आहे का ते बघतात. थेंब क्षणभर झोंबतात. घशाशी कडू लागलं तर तेही नाकाच्या वाटेने आलेलं असतं. नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने हलकेच दाबून धरलात तर कमी उतरतं. बाहुली फैलावायला २० ते ३० मिनिटं लागतात, कधी पुन्हा थेंब घालावे लागतात. तेवढा वेळ डोळे मिटून बसा. फोनवर काही वाचायचं असेल तर थेंब घालण्याआधी वाचून घ्या, नंतर अक्षरं लागणार नाहीत. दोन-तीन मायनस नंबर असलेले लोक मात्र चष्मा काढून खुशाल वाचत बसतात.

परिणाम साधारण ४ ते ६ तास राहतो, काहींना जास्त. गॉगल आणा, सोबत कुणाला तरी आणा, आणि गाडी स्वतः चालवू नका. ‘मला दिसतंय की’ म्हणून गाडीची किल्ली काढणाऱ्यांशी मी वाद घालते. घरी गेल्यावर डोळा खूप दुखू लागला, लाल झाला, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसू लागली किंवा उलट्या झाल्या तर सकाळची वाट न बघता लगेच डॉक्टरांना गाठा. हे फार क्वचित होतं, पण झालं तर तासांचा हिशोब असतो.

बाहुली मोठी झाली की डॉक्टर स्लिट लॅम्पवर, म्हणजे उजेडाची बारीक पट्टी टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकासमोर बसवतात. हनुवटी खाली टेकलेली आणि कपाळ पट्टीला चिकटलेलं ठेवा. कपाळ मागे सरकलं की त्यांना दिसणारं चित्र हरवतं, आणि बहुतेकांचं कपाळ सरकतंच. मग कधी डोक्यावर दिवा बांधून, हातात भिंग धरून ‘वर बघा, उजवीकडे वर, उजवीकडे’ असं गोल फिरवतात. उजेड भयंकर लख्ख असतो. त्या उजेडात मध्येच झाडाच्या फांद्यांसारखं काही दिसलं तर त्या तुमच्याच पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या. नंतर काही मिनिटं सगळं लालसर किंवा काळपट दिसेल, ते आपोआप जातं.

हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप जगापुढे ठेवला, तोवर जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा नीट बघण्याचं साधन डॉक्टरांकडे नव्हतं. शरीराला कुठेही न कापता रक्तवाहिन्या थेट दिसतात त्या तिथे. मधुमेहाचे बारीक रक्तस्राव, रक्तदाबाने अरुंद झालेल्या वाहिन्या, नसेच्या मध्यातला वाढलेला खोलगटपणा, वयाबरोबर मध्यभागी साचणारे पिवळे ठिपके. यातलं बरंचसं सुरुवातीला ना दुखतं ना नजर कमी करतं. ६/६ वाचणाऱ्या माणसाच्या पडद्यावरही मधुमेहाच्या खुणा सापडतात. टाइप २ मधुमेहात निदान झाल्याबरोबर, आणि पुढे साधारण दरवर्षी पडदा तपासायला सांगतात तो याचसाठी.

काचबिंदूची शंका आली तर फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या घेराची तपासणी सांगतात. पांढऱ्या अर्धगोलात बघत बसायचं आणि प्रकाशाचा ठिपका जाणवला की बटण दाबायचं. लोक बाहेर येतात ते रडवेले होऊन, ‘अर्धे ठिपके सुटले’ म्हणत. सुटणारच. यंत्र प्रत्येक जागी ठिपका मंद करत करत तुम्हाला दिसेनासा होण्याच्या सीमेपर्यंत नेतं, सीमा शोधायची तर ती ओलांडावीच लागते. मधल्या खुणेवरून नजर हलवू नका आणि ठिपके शोधत फिरू नका. मध्येच पापण्या लवल्या तरी चालतं. थकलात तर थांबवायला सांगा. पहिल्या वेळचा निकाल बऱ्याच जणांचा खराब येतो, दुसऱ्यांदा सुधारतो.

मुलांच्या बाबतीत एवढंच: मूल तक्रार करेल म्हणून थांबू नका. एक डोळा चांगला असला की ते मजेत खेळतं आणि दुसरा डोळा आळशी होत जातो. हे लहानपणी, सात-आठ वर्षांच्या आत पकडलं तर उपचारांना सर्वांत चांगली साथ मिळते. मुलांच्या डोळ्यांची फोकस करण्याची ताकद एवढी असते की थेंबांशिवाय काढलेला नंबर फसवू शकतो. म्हणून त्यांना जास्त जोरदार थेंब घालतात आणि जवळचं वाचायला एक दिवस, कधी त्याहून जास्त अडचण होते. शाळेची परीक्षा बघून तारीख घ्या. अक्षरं येत नसतील तर चित्रं किंवा चारी दिशांना फिरवलेला ‘ई’ दाखवतो. आईने कानात उत्तर सांगायचं नाही, मूल आईचंच ऐकतं.

कागद हातात पडल्यावर

ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. एसपीएच, म्हणजे मुख्य नंबर, याखाली मायनस असेल तर लांबचं दिसायला अडचण, प्लस असेल तर उलट. सीवायएल म्हणजे सिलिंडर, ॲक्सिस म्हणजे त्याची दिशा, १ ते १८० अंशांत. ॲड म्हणजे जवळच्यासाठी जोडायचा नंबर. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. मोठ्या माणसांचं साधारण ६३ च्या आसपास असतं. कागदावर पीडी नसेल तर मागून घ्या. निघण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: नस आणि पडदा कसा आहे, आणि पुढची तपासणी कधी.

काहीही त्रास नसलेल्यांसाठी अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीचा सल्ला असा: ४० व्या वर्षी एकदा पूर्ण तपासणी, ५४ पर्यंत दर २ ते ४ वर्षांनी, ५५ ते ६४ मध्ये दर १ ते ३ वर्षांनी आणि ६५ नंतर दर १ ते २ वर्षांनी. मधुमेह, घरात काचबिंदू किंवा मोठा मायनस नंबर असेल तर हे वेळापत्रक तुमचं नाही, तुमचे डॉक्टर सांगतील ते. आणि अचानक विजेसारखे चमकारे दिसणं, काळ्या ठिपक्यांचा एकदम पाऊस पडणं, नजरेवर एका बाजूने पडदा सरकत येणं, यांतलं काही झालं तर अपॉइंटमेंटच्या तारखेसाठी थांबू नका, त्याच दिवशी जा.

नवीन चष्म्याने पहिले काही दिवस जमीन तिरकी वाटू शकते, पायरी वर आल्यासारखी दिसू शकते, विशेषतः सिलिंडर बदलला असेल तर. आठवडा-दोन आठवडे सलग लावून बघा. कधी नवा, कधी जुना असं केलंत तर सवय लागत नाही. तरीही त्रास राहिला तर नवा चष्मा, जुना चष्मा आणि कागद, तिन्ही घेऊन परत या. मी आधी नवी काच लेन्सोमीटरखाली धरते आणि तिचा मध्य तुमच्या बाहुलीसमोर येतोय का ते बघते. पुष्कळदा कागदावरचा नंबर बरोबर असतो आणि काच बसवताना अक्ष फिरलेला असतो.